‘इसको क्या क्या आता?’

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘माध्यमं आणि आपण’ असा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, तेव्हा अल्गोरिदमबद्दल किंवा फेक न्यूजबद्दल बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना म्हटलं, मला जरा वेगळं बोलू द्या. मला आठ वर्षांचा मुलगा आहे. तो ऑटिस्टिक आहे. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. त्याने तशी परवानगी दिलेली नाही, आणि द्यायची की नाही हे तो अजून मला सांगू शकत नाही. माझ्या बोलण्यात त्याच्या आयुष्यातल्या काही गोष्टी येतील. त्या जेवढ्या माझ्या चुकीच्या आहेत तेवढ्याच सांगेन.

तो साडेतीन वर्षांचा असताना निदान झालं. त्यानंतर नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, ऑफिसमधल्या मित्रांकडून मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न कोणता असेल? ‘तो बोलतो का?’ हा नाही. ‘त्याला त्रास होतो का?’ हाही नाही. प्रश्न असतो, “मग याला काय येतं?” आमच्या घरच्या बोलीत, “इसको क्या क्या आता?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांत कुतूहल असतं, प्रेमही असतं. ऑटिझम म्हणजे काहीतरी अचाट बुद्धी असणार, पेटी उघडायची बाकी आहे, एवढाच त्यांचा समज असतो.

हा समज आमच्या नातेवाइकांनी घरी तयार केलेला नाही. तो पडद्यावरून आला. आणि खरं सांगायचं तर तो सर्वांत आधी माझ्याच डोक्यात आला होता.

निदान झाल्यावर पहिले सहा महिने मी काय केलं? त्याची ‘खासियत’ शोधली. कॅलेंडर दाखवून पाहिलं. छोटा कीबोर्ड आणून दिला. रात्री बसून अक्षरांचे, आकड्यांचे खेळ लिहिले, प्रोग्रॅमिंग येतं ना! मग लक्षात आलं, त्याला पीएमपीच्या बसचे नंबर ओळखता येतात. गॅलरीतून लांबची बस दिसली की तो नंबर पुटपुटायचा. मला केवढा आनंद झाला! त्या वर्षी ईदला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी मोबाईलवर बसचे फोटो काढून ठेवले होते, त्यातला नंबर झाकायचा आणि त्याला विचारायचं. दोन त्याने सांगितले. टाळ्या वाजल्या. तिसऱ्याला त्याने कान झाकले. मी म्हणालो, “एकच अजून.” चौथ्या वेळी तो जमिनीवर पडून डोकं आपटू लागला. पाहुणे शीरखुर्म्याच्या वाट्या हातात धरून गप्प उभे राहिले. बायकोने त्याला उचलून आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. त्यानंतर कित्येक आठवडे तो गॅलरीत गेला नाही. त्याची एकुलती एक आवडती गोष्ट मी त्याच्याकडून काढून घेतली होती, आणि ती कशासाठी, तर एका सिनेमातल्या माणसाशी त्याचं माप जुळवण्यासाठी.

तो सिनेमा म्हणजे ‘रेन मॅन’. १९८८ चा. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलेला नसेल, पण त्याची सावली तुमच्यावरही आहे. डस्टिन हॉफमनने त्यात रेमंड नावाच्या ऑटिस्टिक माणसाचं काम केलं आणि ऑस्कर मिळवलं. रेमंड जमिनीवर सांडलेल्या टूथपिक एका नजरेत मोजतो, पत्ते लक्षात ठेवून लास व्हेगासच्या कॅसिनोत भावाला पैसे जिंकून देतो. त्याआधी ‘ऑटिझम’ हा शब्द जगातल्या बहुतेक लोकांनी ऐकलाही नव्हता, हे श्रेय त्या सिनेमाला द्यायलाच हवं. पण गंमत बघा. ज्या माणसावरून ही कथा सुचली तो किम पीक ऑटिस्टिक नव्हता. त्याच्या मेंदूची रचनाच जन्मतः वेगळी होती, मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा त्याला नव्हता, आणि त्याची स्मरणशक्ती अफाट होती. अशी विलक्षण शक्ती काही ऑटिस्टिक माणसांकडे असते, पण बहुतेकांकडे नसते. एका सिनेमाने एका अपवादाला नियम करून टाकलं. पुढे ‘द गुड डॉक्टर’ आला, त्यात प्रतिभावान सर्जन. मग कोरियाची ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी अटर्नी वू’ आली, त्यात कायद्याची पुस्तकं तोंडपाठ असलेली वकील. ती मालिका मलाही आवडली. पण माझा मुलगा त्यात कुठे नाही. आठव्या वर्षी त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि तो वकील होणार नाही. तरी तो ऑटिस्टिक आहे, आणि तरी तो आहे.

आता आपल्या शाहरुखकडे येऊ. ‘माय नेम इज खान’ फेब्रुवारी २०१० मध्ये आला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. आयपीएलमध्ये पाकिस्तानी खेळाडूंना न घेण्याबद्दल शाहरुख काहीतरी बोलला म्हणून मुंबईत शिवसेनेने विरोध केला होता, थिएटरांबाहेर पोलीस बंदोबस्त होता. आम्ही मित्र जणू मोर्चाला चाललोय अशा आवेशात तो पाहायला गेलो. त्या दिवशी मला पडद्यावर फक्त एक मुसलमान दिसला. बोरिवलीत वाढलेला, अमेरिकेत गेलेला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर संशयाने पाहिला जाणारा. आम्ही रडलो, टाळ्या वाजवल्या.

मुलाचं निदान झाल्यावर मी तो पुन्हा पाहिला. या वेळी मला फक्त ऑटिस्टिक माणूस दिसला. मोठ्या आवाजाला घाबरणारा, पिवळ्या रंगाने अस्वस्थ होणारा, शब्दाचा फक्त सरळ अर्थ घेणारा. काही गोष्टी छान टिपल्या आहेत. विशेषतः त्याची अम्मी. झरीना वहाब यांनी केलेली ती आई मुलाला ‘बरा’ करायला निघत नाही, त्याला त्याच्या पद्धतीने शिकवते.

तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र मी अडकलो. रिझवान खान मुसलमान आहे आणि ऑटिस्टिक आहे, या दोन गोष्टी लेखकाने एकत्र का आणल्या असतील? मला सुचलेलं उत्तर असं. रिझवानला खोटं बोलता येत नाही. त्याच्या मनात कपट असूच शकत नाही, हे प्रेक्षकाला पहिल्याच रीळात कळतं. म्हणून प्रेक्षक त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार होतो. ऑटिझम इथे मुसलमानाच्या चारित्र्याचा दाखला म्हणून जोडलेला आहे. त्याच्या जागी तुमच्या-माझ्यासारखा एखादा साधा खान असता, विमानतळावर अडवल्यावर चिडणारा, वाद घालणारा, ‘मी का सिद्ध करू?’ असं विचारणारा, तर त्याच्यावर तेवढंच प्रेम केलं असतं का? मला शंका आहे. आणि ऑटिस्टिक असणं तरी त्याला फुकट मिळतं का? तेही नाही. त्याला बिघडलेली यंत्रं दुरुस्त करावी लागतात, पुरात बुडालेल्या गावाला वाचवायला जावं लागतं, शेवटी राष्ट्राध्यक्षांना भेटावं लागतं. माणूस म्हणून स्वीकारलं जाण्याची ही केवढी मोठी फी!

मित्रांनो, ही फी तुमच्या ओळखीची नाही का? आपण शाळेत असल्यापासून आपल्याला अब्दुल कलाम यांचं उदाहरण दिलं जातं. वीर अब्दुल हमीद यांचं दिलं जातं. दोघेही थोरच. पण ज्याला रॉकेट बनवता येत नाही, ज्याने रणगाडे उडवलेले नाहीत, जो गॅरेजमध्ये पंक्चर काढतो आणि संध्याकाळी पोरांना घेऊन वडापाव खातो, त्या मुसलमानाचं काय? पडद्यावर त्याला जागा नाही. तिथे एक तर बॉम्बवाला असतो नाही तर देशासाठी मरणारा ‘चांगला’ मुसलमान. मधला सगळा समाज गायब. ऑटिस्टिक माणसाचंही तेच होतं. एक तर कुटुंबावरचं ओझं, नाही तर अद्भुत प्रतिभा. मधली सगळी माणसं गायब. आपण वीस-पंचवीस वर्षं ज्या चष्म्याबद्दल तक्रार करतो, तोच चष्मा लावून आपण आपल्याच घरातल्या या मुलांकडे पाहतो. हे मला ईदच्या त्या दिवसानंतर कळलं, आणि फार लाज वाटली.

भाषेचंही तेच. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘स्व’ असाच आहे. पण ‘स्वमग्न’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? आपल्याच धुंदीत असलेला, ज्याला कुणाची गरज नाही असा माणूस. माझा मुलगा तहान लागली की माझा हात धरून माठापर्यंत नेतो. त्याला मी हवा असतो, फक्त मागायची रीत वेगळी आहे. त्याआधीचे शब्द होते ‘मतिमंद’, ‘वेडसर’. मग सरकारने ‘दिव्यांग’ आणला. म्हणजे आधी ‘मंद’, नंतर एकदम ‘दिव्य’. इथेही मधला माणूस गायबच! मी साधं ‘ऑटिस्टिक’ म्हणतो. तुम्ही दुसरा शब्द वापरा, पण वापरण्याआधी एकदा तो उलटून पाहा.

सगळं वाईटच आहे असं नाही. २०१२ च्या ‘बर्फी’मधली झिलमिल मला त्यामानाने आवडते. प्रियांका चोप्राने तिला जरा जास्तच बाळबोध केलं आहे, पण झिलमिलला कुठलीही जादुई शक्ती दिलेली नाही. तिला कुणीतरी आवडतं, तिला कुणाचा तरी हात धरून चालायचं आहे, एवढंच. श्रीमंत घराला तिची लाज वाटते हेही त्यात दिसतं. २०२५ मध्ये ‘सितारे जमीन पर’ आला. बास्केटबॉलच्या संघातल्या दहा खेळाडूंची कामं खरोखर बौद्धिकदृष्ट्या वेगळ्या असलेल्या कलाकारांनी केली. हिंदी सिनेमासाठी ही मोठी गोष्ट आहे. तरी गोष्ट कोणाची आहे हे पाहा. बदलतो तो आमिर खानचा कोच. या मुलांच्या सहवासात तो चांगला माणूस होतो. ही मुलं इतरांना सुधारण्यासाठी असतात, हा आणखी एक लाडका समज. माझा मुलगा मला सुधारायला जन्माला आलेला नाही. मी सुधारलो असेन तर ते माझं काम होतं.

हल्ली लोकप्रिय माध्यम म्हणजे फक्त सिनेमा नाही. आपल्या मोहल्ल्यात सिनेमापेक्षा व्हॉट्सअॅप जास्त चालतं. तिथे ऑटिझमचं कारण म्हणून तीन गोष्टी फिरतात. पहिली, लस. दुसरी, आई. तिसरी, नजर किंवा आसेब.

लसीची गोष्ट १९९८ ची. अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने बारा मुलांवरच्या एका लेखात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला. पुढे त्यातल्या नोंदींमधली लबाडी उघड झाली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरची नोंदणी रद्द झाली. नंतर लाखो मुलांच्या अभ्यासातून असा कुठलाही संबंध आढळला नाही. लेख मेला, अफवा जिवंत राहिली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या बाजूला, गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. त्यामागे दाटीवाटी, गरिबी, कुपोषण, कोविडच्या काळात हुकलेलं लसीकरण अशी अनेक कारणं होती. पण अशा वस्तीत लसीबद्दलचा एक खोटा मेसेज काय करू शकतो, याचा विचार फॉरवर्ड करण्याआधी करा. मी एका ऑटिस्टिक मुलाचा बाप म्हणून सांगतो, त्याला सगळ्या लसी दिल्या, धाकट्या मुलीलाही दिल्या.

दुसरी गोष्ट, आई. १९६७ मध्ये अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम यांनी अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की आईच्या थंड वागण्याने मूल ऑटिस्टिक होतं. हा सिद्धांत विज्ञानाने केव्हाच टाकून दिला. तरी आमच्या घरी तो बुरखा घालून आणि टोपी घालून येत राहिला. “नौकरी करती ना, इसलिए.” “मोबाईल दिया होगा.” माझ्या बायकोने नोकरी सोडली, तेव्हा तेच लोक म्हणाले, “घर में बैठ के भी कुछ फरक नहीं.” मला मात्र आजवर एकानेही विचारलं नाही की तू इतके तास ऑफिसात असतोस, त्यामुळे असं झालं असेल का? पडद्यावरसुद्धा ऑटिस्टिक मुलाची आई नेहमी त्यागाची मूर्ती असते आणि बाप एक तर पळून गेलेला असतो किंवा मदत केली म्हणून हिरो ठरतो. आज मला इथे भाषणाला बोलावलं, तिला नाही, हेही त्यातलंच. पुढच्या वेळी तिला बोलवा.

तिसऱ्या गोष्टीबद्दल मी कुणाची थट्टा करणार नाही. माझी अम्मी नातवाला दर्ग्यात घेऊन गेली होती, धागा बांधून आणला. डॉक्टरांनी आम्हाला दोन वाक्यांत बाहेर काढलं होतं, तिथे तिला निदान कुणीतरी बसवून ऐकून घेतलं. मला राग येतो तो भीती दाखवून पैसे उकळणाऱ्यांचा. मुलाला बांधून ठेवणाऱ्यांचा, मारणाऱ्यांचा. दुआ करा. पण थेरपी थांबवू नका.

आणि मशिदीबद्दल एक बोलायलाच हवं. एकदा मी त्याला जुम्याला घेऊन गेलो. सफेत उभं असताना तो पंख्याकडे बघून आवाज करत होता. नमाज संपल्यावर एका बुजुर्गांनी सांगितलं, “घर पे रखा करो.” मी पुन्हा त्याला नेलं नाही. आता वाटतं, न्यायला हवं होतं. ‘अबस’ ही सूरत आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. एक अंध माणूस काही विचारायला आला आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झालं, तेव्हा प्रत्यक्ष पैगंबरांना टोकलं गेलं. ते अंध सहाबी, अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम, पुढे मदिनेत अजान देत असत. ज्यांच्याकडे ही गोष्ट आहे, त्यांच्या मशिदीत पंख्याकडे बघणाऱ्या मुलाला जागा नसावी?

आता तुम्ही काय करू शकता? तुमच्यातले कित्येक जण रील करतात, शॉर्ट फिल्म करतात, लिहितात. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी सिनेमाच्या प्रकरणात दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शन केलं आहे. अपंगत्वाची चेष्टा करणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद यात न्यायालयाने फरक केला. साचेबंद चित्रण टाळा, आणि ज्यांच्याबद्दल बोलता त्यांना सामील करून घ्या, असं सांगितलं. हे मोठ्या स्टुडिओला लागू असेल तर तुमच्या मोबाईललाही असू द्या. ऑटिस्टिक मोठी माणसं आता स्वतः लिहितात, व्हिडिओ करतात. आधी त्यांना ऐका, मग आम्हा आईबापांना. ऑटिस्टिक मुलींनाही शोधा. पडद्यावर बहुतेक मुलगेच दिसतात, आणि मुलींचं निदान अनेकदा उशिरा होतं किंवा होतच नाही. आणि एखादं मूल रस्त्यात कोसळून रडत असेल तर कॅमेरा काढू नका. आईबापांनीसुद्धा काढू नये. त्याच्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण आपल्या व्ह्यूजसाठी नाही.

दुसरं, आपल्या वस्तीत माहिती पोहोचवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. यूडीआयडी कार्ड मिळतं. ज्याचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त आहे, अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. हे फॉर्म भरायला एखाद्या अम्मीला मदत करणं, हे सिनेमाबद्दल वाद घालण्यापेक्षा मोठं काम आहे.

शेवटची गोष्ट भाषेची, कारण आपलं हे व्यासपीठ दोन भाषांचं आहे. आम्हाला सुरुवातीला सल्ला मिळाला, मुलाशी एकाच भाषेत बोला, शक्यतो इंग्रजीत. थेरपीचे व्हिडिओ इंग्रजीत, त्यातली मुलं गोरी, घरं मोठी. आम्ही ऐकलं. परिणाम असा झाला की माझ्या अम्मीने नातवाशी बोलणंच सोडलं. तिला इंग्रजी येत नाही, आणि आपल्या बोलण्याने मुलाचं नुकसान होईल याची तिला भीती. दोन वर्षं ती त्याच्याशेजारी मुकी बसायची. पुढे मी अभ्यास वाचले तेव्हा कळलं, दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं याला आधार नाही. मी अम्मीला जाऊन सांगितलं. ती रडली, आणि मग जी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही.

आता रविवारी तो आणि मी बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो आणि त्याच बसने परत येतो. मी नंबर विचारत नाही. कधी तो सांगतो, कधी नाही. गेल्या ईदला एका नातेवाइकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, “इसको क्या क्या आता?” मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात अम्मीच म्हणाली, “आता ना. मेरे बाजू में बैठने आता.”

तो तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसला होता.